बंबकाकांची संध्याकाळची फेरी

बंबकाकांना घरी चहाला बोलवायचं असेल, तर एक गोष्ट आधीच मान्य करून टाकायची: ते गेल्यावर तुमच्या घरातलं काहीतरी बंद पडलेलं असणार. मुद्दाम नाही हो करत! गप्पा मारता मारता हात आपोआप भिंतीकडे जातो, बटण खट्ट, प्लग बाहेर, आणि वायरीचं छान गोल वेटोळं करून खुर्चीच्या पाठीवर अडकवलेलं. एकदा दाताच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसले होते, तेवढ्या वेळात त्यांनी माशांच्या काचपेटीचा पंप काढून ठेवला. मासे वाचले. पण तेव्हापासून तिथल्या बाई काका दिसले रे दिसले की त्यांना थेट आत पाठवतात. काकांना वाटतं, हा आपल्या पांढऱ्या मिशांचा मान आहे.

उभी हयात अग्निशमन दलात गेलेली. बंबावर होते म्हणून बंबकाका. खरं नाव पोस्टमनलासुद्धा पाकीट वाचल्याशिवाय आठवत नाही. निवृत्तीच्या दिवशी हेल्मेट परत केलं, बूट परत केले, पण सवय काही कुणी परत मागितली नाही, ती घरी आली. रोज संध्याकाळी सून आपलं काम आवरून स्वयंपाकघरात शिरली की काकांची घरभर फेरी निघायची. टीव्ही, इस्त्री, मिक्सर, टेबलावरचा दिवा. एकेक प्लग काढायचा, बोट लावून गरम आहे का बघायचं, आणि बंबावर पाण्याचा पाइप गुंडाळतात तशी वायर गुंडाळून ठेवायची. फ्रीजवरून एकदा घरात चांगलंच रणकंदन झालं होतं, तेव्हापासून फ्रीज तेवढा सोडायचा असा करार होता. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून हेच सगळं परत जागच्या जागी लावायचं, तेही दिवा न लावता. सुनेची झोपमोड कशाला!

म्हणजे बघा, माणसाने रात्री काय काय उपटून ठेवलं होतं याचा सकाळी मागमूस नाही. सुनेला वाटायचं, भिंतीतले चार प्लग काढतात, काढू देत बापडे.

सून भरतकाम करायची. सुईदोऱ्याचं नव्हे, यंत्रावरचं. कुणाच्या डॉक्टरी कोटावर नाव, कुणाच्या टोपीवर क्लबचं चिन्ह. त्याआधी ती कपड्यांच्या कारखान्यात होती. दिवसभर उभं राहून कॉलर शिवायच्या, आणि घरी आल्यावर पाठ धरून पलंगावर आडवं व्हायचं. तिचा नवरा, म्हणजे काकांचा मुलगा, लांब पल्ल्याची बस चालवतो. तो घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. त्यामुळे तिची ती पाठ रोज बघायची पाळी काकांवर यायची. शेवटी एके दिवशी काकाच कडाडले, "खड्ड्यात गेल्या त्या कॉलरी! सोड ती नोकरी. घरात बस, स्वतःचं काम कर. पुढची खोली घे माझी, मी मागे झोपतो."

तिने खोली घेतली. एक जुनं यंत्र घेतलं आणि त्याच्यासोबत एक म्हातारा कॉम्प्युटर आला. चालू केला की दमेकऱ्यासारखा धापा टाकायचा, पण भरतकामाची नक्षी तयार करायचा प्रोग्रॅम त्याच्यातच होता आणि तो दुसऱ्या कुठल्याच कॉम्प्युटरवर चालत नव्हता. ज्यांनी तो बनवला त्यांनी कधीच दुकान गुंडाळलं होतं. तिने रात्रंदिवस खपून काढलेलं एकेक फूल, एकेक अक्षर, सगळं त्याच्या पोटात. त्यामुळे जुनं यंत्र मेलं तेव्हा यंत्र नवीन आलं, कॉम्प्युटर मात्र तोच राहिला. आणि इथून रामायण सुरू झालं.

यंत्रवाल्या दुकानाने सांगितलं होतं, शनिवारपर्यंत वापरून बघा, नाही जमलं तर परत घेऊ. जोडून द्यायला आला होईलभाऊ. हा गल्लीतला कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. देहाने ऐसपैस, जिने चढून आला की आधी दारातच भिंतीला टेकून उभा राहणार, आणि काहीही विचारलं तरी एकच उत्तर: होईल! मॉनिटर फुटलाय, होईल. कॉम्प्युटरवर आमटी सांडलीय, होईल. म्हणून होईलभाऊ.

"नवीन यंत्र, जुनी सिस्टम," तो कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "यांची पत्रिका जुळवणं म्हणजे... पण होईल!"

झालं बरं का! दुपार गेली, तीनदा चहा झाला, कॉम्प्युटर चिडून दोनदा बंद पडला, पण शेवटी यंत्राची सुई हलली. खर्रर्र करत एका रुमालावर लाल बदक उमटलं. सुनेने टाळ्या वाजवल्या. काकांनी बदकाला सलाम ठोकला. पोहायच्या तलावावरच्या शिक्षकांचे टी-शर्ट नावं घालायला येऊन पडलेच होते, त्यातले दोन तिने त्याच दिवशी करून टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कॉम्प्युटर लावला, तर कोपऱ्यात चिठ्ठी उगवली: नवीन उपकरण सापडले आहे.

"नवीन कसलं? कालचंच तर आहे!" सून म्हणाली.

भरतकामाचा प्रोग्रॅम उघडला, तर तो म्हणाला, यंत्र जोडलेले नाही. एक म्हणतो नवीन सापडलं, दुसरा म्हणतो काहीच नाही. आता विश्वास कुणावर ठेवायचा?

होईलभाऊ आला, टेकला, श्वास घेतला, पुन्हा सगळं पहिल्यापासून बसवलं. सुई हलली. तिसऱ्या दिवशी सकाळी परत तेच. त्याने वायर बदलली. चौथ्या दिवशी परत तेच! दिवसभर गुणी बाळासारखं चालणार आणि सकाळी ओळखसुद्धा देणार नाही. सुनेला वाटायला लागलं, होईलभाऊला काही येत नाही. होईलभाऊला वाटायला लागलं, वहिनी उगाच काहीतरी बटणं दाबतात. काकांना तर पहिल्यापासूनच खात्री होती की कॉम्प्युटर कामचुकार आहे. असे दोघेजण त्यांच्या हाताखालीही होऊन गेले होते.

"रात्रीतून याला कुणी हातबित लावतं का?" होईलभाऊने विचारलंच.

"कोण लावणार?" काका छाती पुढे काढून म्हणाले. "मी जातीने लक्ष ठेवून असतो."

आणि हे ते अगदी खरं समजून बोलले, हं! संध्याकाळी यंत्राची वायर कॉम्प्युटरच्या मागून काढायची, गुंडाळायची, पहाटे अंधारात टेबलाखाली रांगत जाऊन चाचपडत परत लावायची, हे त्यांच्या हिशेबी हात लावणं नव्हतंच. ते रात्री दाराला कडी घालण्यासारखं होतं. कडी घातली हे कुणी पोलिसांत जाऊन सांगतं का?

गुरुवारी जेवताना सून भाजी नुसती चिवडत बसली होती.

"बाबा, माझं ठरलंय," ती म्हणाली. "शनिवारपर्यंत हे नीट चाललं नाही तर यंत्र परत, आणि मी परत कॉलरींवर. सुपरवायझरबाईंशी बोललेय. जागा आहे म्हणाल्या."

काकांचा घास तोंडातच फिरला. ती पलंगावर आडवी पडलेली पाठ त्यांच्या डोळ्यांपुढे आली. शिवाय खरं सांगायचं तर दुसरीही एक गोष्ट होती. ती घरात असायची, दुपारी चहा टाकायची, पेपरातल्या बातम्यांवरून त्यांच्याशी वाद घालायची. ती गेली की या घरात दिवसभर त्यांच्याशी बोलायला भिंतीतले प्लगच उरणार होते. पण हे तिला कसं सांगायचं? ते नुसतं म्हणाले, "होईल गं."

"तुम्हीपण आता होईल म्हणायला लागलात," सून म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

शुक्रवारी सकाळी होईलभाऊ टेबलाखाली आडवा झाला होता. अर्धा आत, अर्धा बाहेर. काका चहाचा कप घेऊन त्याच्या पायांशी उभे, सून खुर्चीवर.

"अरेच्चा!" टेबलाखालून आवाज आला. "वहिनी, काल मी वायर कॉम्प्युटरच्या मागे अगदी खालच्या खाचेत लावली होती. आज वरच्या खाचेत कशी?"

"खालच्याच कशावरून?"

"अहो, तिथला पत्रा वाकलाय, त्याने बोट कापलं माझं. ही बघा पट्टी!" टेबलाखालून पट्टी बांधलेलं एक गुबगुबीत बोट बाहेर आलं. मागोमाग अख्खा होईलभाऊ आला, केसांत जळमट घेऊन. "आता कळलं! ही जुनी सिस्टम आहे ना, ती यंत्राचं तोंड नाही ओळखत, खाच ओळखते. प्रत्येक खाचेला वेगळा नंबर देते. तुमचा प्रोग्रॅम यंत्राला शोधत जातो कालच्या नंबरावर, आणि यंत्र जाऊन बसलंय शेजारच्या घरात. म्हणून रोज नवीन! जुन्या यंत्राच्या जाड वायरीला खाचच एक होती, म्हणून तेव्हा कधी चुकलं नाही. ही वायर रोज कुणीतरी काढतंय आणि मिळेल त्या खाचेत खुपसतंय."

काकांनी हातातला कप खाली ठेवला. पहाटेचा अंधार, टेबलाखालची थंडगार फरशी, आणि आपलं बोट चाचपडतंय, ही खाच, का ती, घाला कुठेतरी. सगळं आठवलं.

गप्प बसता आलं असतं. कुणाला कळणार होतं? त्यातच सून कपाळावर हात मारून म्हणाली, "माझंच चुकलं असणार. मी पुसते ना रोज, फडक्यात अडकून निघत असेल. सॉरी हो होईलभाऊ, तुम्हाला उगाच नावं ठेवली मी." ती बिचारी दुसऱ्याचं पाप आपल्या अंगावर घ्यायला निघाली, आणि मग मात्र काकांना राहवेना.

"तू नाही," ते म्हणाले. "मी. मीच काढतो रोज. आणि पहाटे मीच लावतो."

सून ताडकन उठली.

"बाबा! अहो चार दिवस माझ्या जिवाला घोर लागलाय! कॉलरींवर परत जायचं ठरवून बसले मी! आणि तुम्ही? जातीने लक्ष ठेवून!" तिचा आवाज फाटला आणि ती तरातरा स्वयंपाकघरात गेली. आतून भांडी अशी वाजली की होईलभाऊने आपली पिशवी जवळ ओढून घेतली.

"काका," तो हळूच म्हणाला, "मी आत्ता यंत्र परत ओळखीचं करून देतो. तुम्ही नुसती ही एक वायर सोडायची. बाकी सगळं घर उपटा. होईल ना?"

"होईल," काका म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले.

दिवसभर यंत्र चालत राहिलं. सून बोलत नव्हती, पण चहा मात्र वेळेवर पुढ्यात आला. संध्याकाळी फेरीची वेळ झाली. टीव्ही झाला, इस्त्री झाली, मिक्सर झाला. पुढच्या खोलीत भिंतीतला प्लग काढून झाला. राहिली ती टेबलामागची वायर. काका तिच्यापुढे उभे राहिले, हात मागे बांधले आणि वळून जेवायला येऊन बसले. दोन घास खाऊन उठले, खोलीत डोकावून आले. परत बसले. परत उठले.

"बाबा, भिंतीतला काढलाय ना?" सून म्हणाली. "मग त्या वायरीत आता काय आहे? करंट तरी आहे का?"

"नाही. डोक्याला कळतं गं. हाताला नाही कळत."

आणि मग ताटाकडे बघत, कधी कुणाला न सांगितलेलं ते बोलले. "शिवणाचंच दुकान होतं. वर नवराबायको राहायची. खाली सगळं कापड, दोरे, चिंध्या. संध्याकाळी काम आटोपून वर जेवायला गेली. मशीनचा प्लग तसाच. मी दार तोडलं, जिना चढून वर गेलो... उशीर झाला होता. ताटं वाढलेली होती." ते थांबले. "आणि तूही त्याच कापडादोऱ्यांत बसतेस ना दिवसभर. मला भीती वाटते. मी तुला हे कधी सांगितलं नाही, पण फार भीती वाटते."

सून उठली. हात धुतले, पदराला पुसले आणि पुढच्या खोलीत गेली. काका मागोमाग आले. तिने टेबलाखाली वाकून ती वायर आपल्या हाताने ओढून काढली.

"अगं, काय करतेस! उद्या शनिवार आहे! सकाळी परत ओळखणार नाही तो!"

"नाही ओळखला तर नाही ओळखला," ती म्हणाली. "तुम्ही जेवा आधी." वायर तिने कशीबशी गुंडाळली. काकांना ते बघवेना, त्यांनी ती तिच्या हातातून घेऊन नीट गुंडाळली.

मग तिने होईलभाऊला फोन लावला. काका दाराशीच उभे होते, त्यामुळे तिचं बोलणं त्यांना सगळं ऐकू येत होतं.

"होईलभाऊ, वायर कुठल्याही खाचेत लावली तरी यंत्र चालायला हवं. असं करता येईल?... नाही, एका खाचेला खूण वगैरे नको. खूण केली की बाबा रोज पहाटे टेबलाखाली धास्तावून शिरणार, चुकलं तर काय म्हणून. मला ते नकोय... मी लावू? मी कशाला लावू? ते काम बाबांचं आहे... हो, माहितीये एक वायर न काढणं जास्त सोपं आहे. पण बाबांना काही शिकवायचं नाहीये आपल्याला. तुम्ही कॉम्प्युटरला शिकवा."

काका दाराशी तसेच उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांच्या फेरीला घरात कुणी काम म्हटलं नव्हतं. खोड म्हणायचे, खूळ म्हणायचे. त्यांनी मुकाट्याने जाऊन ताटातलं सगळं अन्न संपवलं.

पलीकडून होईलभाऊ आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला होता, "बघतो." त्यामुळे सकाळ होईपर्यंत दोघांच्याही जिवाला चैन नव्हतं. सकाळी तो आला, आणि भिंतीला न टेकता थेट टेबलाशी बसला.

"युक्ती सापडली," तो म्हणाला. "प्रत्येक खाचेत वायर घालायची, आणि प्रत्येक खाचेला तोच नंबर द्यायचा. सिस्टम कुरकुरणार, हा नंबर आधीच दिलाय म्हणून. आपण म्हणायचं, बाई गं, आहे ते ठीक आहे, दे मुकाट्याने. काका, तुम्ही लावा. मी इकडे शिकवतो."

काका टेबलाखाली शिरले. वरची खाच. होईलभाऊने टकटक केलं, कॉम्प्युटर कुरकुरला, मग गप्प झाला. पुढची खाच. परत कुरकुर. "वाकलेल्या पत्र्याची कुठलीय ती जरा जपून!" अशा सगळ्या खाचा झाल्या. मग होईलभाऊ म्हणाला, "आता वायर काढा, डोळे मिटा, आणि मिळेल तिथे लावा."

काकांनी खरंच डोळे मिटले. खाच सापडली, वायर आत गेली. वरून काहीच आवाज नाही. ते डोळे मिटूनच, गुडघ्यांवर, टेबलाखाली थांबले. त्या दोनचार क्षणांत त्यांनी त्या धापा टाकणाऱ्या खोक्याला जितकं विनवलं तितकं कुणालाही विनवलं नसेल.

खर्रर्र.

"चाललं! बाबा, चाललं!" सून ओरडली. काका गडबडीने बाहेर यायला गेले आणि डोकं टेबलावर आपटलं, पण कुणाला त्याचं काय पडलंय! होईलभाऊने परत वायर काढायला लावली, परत दुसरीकडे लावायला लावली. परत खर्रर्र. मग सुनेनेही टेबलाखाली शिरून एकदा लावून बघितली, नुसती मजा म्हणून.

तेवढ्यात फोन वाजला. यंत्रवाल्या दुकानाचा माणूस. सुनेने फोन उचलला. यंत्र न्यायला माणूस पाठवू का, असं तो विचारत होता. तिने काकांकडे बघितलं. ते टेबलाशी जमिनीवरच बसून डोक्यावरचं टेंगूळ चोळत होते, आणि सुईखाली तलावावरच्या कुण्या शिक्षकाचं नाव निळ्या दोऱ्यात उमटत होतं.

"नको, पाठवू नका," ती म्हणाली. "यंत्र इथेच राहणार आहे. आणि मीही."